उकळी येण्याआधी

ओकुनोइनच्या शेवटच्या पुलाअलीकडे आम्ही चौघी हात जोडून उभ्या होतो. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेदहा वाजत आलेले. आठशे मीटर उंचीवरच्या कोयासानची थंडी स्वेटरातून आत शिरत होती. दोन्ही अंगांना सुगी नावाच्या जपानी देवदारांचे सरळसोट बुंधे आणि त्यांच्या मुळांशी शेवाळलेली शेकडो थडगी. एवढ्यात बाजूच्या स्वयंपाकघरातून एक भिक्षू बाहेर आला. त्याच्यामागून दोघे तरुण भिक्षू लाकडाची एक पेटी उचलून निघाले. पेटी एका लहानशा देवळीसमोर थांबली, मग पूल ओलांडून पलीकडे गेली. पलीकडे फोटो काढायला मनाई आहे, आणि काढावासा वाटतही नाही.

पेटीत जेवण होतं. कुकाई, ज्याला जपान कोबो दाइशी म्हणून ओळखतो, त्यानं इ.स. ८१६ मध्ये या डोंगरावर मठांचं गाव वसवायला घेतलं आणि ८३५ मध्ये तो इथंच समाधिस्थ झाला. शिंगोन पंथाची श्रद्धा अशी, की तो गेलेला नाही, आत ध्यानाला बसला आहे. बसलेल्या माणसाला भूक असते. म्हणून रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्याचं पान जातं, आजही. पेटी ज्या देवळीसमोर थांबली तिथल्या देवाचं नाव अजिमी जिझो. ‘अजिमी’ म्हणजे चव बघणं. त्यानं चव पाहिली की मगच जेवण पुढे.

माझ्या शेजारी आमची माळकरी मैत्रीण उभी होती. तिचं माहेर आळंदीजवळचं, गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. तिला हे सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. “संजीवन समाधी,” ती हळूच म्हणाली. “आणि हा नैवेद्य.” पेटी दिसेनाशी होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

याच मैत्रिणीच्या तोंडात आठ दिवसांपूर्वी माझ्या चुकीनं मासा गेला होता. हा लेख मी लिहायला घेतला तो त्या चुकीमुळे.

*

आम्ही चौघी पुण्यात एका वर्गात शिकलो. एक मालवणची, एक कोल्हापूरची आणि पेशानं डॉक्टर, एक ही माळकरी आणि चौथी मी. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले आणि पुढे तीच भाषा शिकवण्यात आयुष्य गेलं. पुण्याचं आणि जपानचं नातं जुनं आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं आहे, हे तिथं फिरायला जाणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं. पोरंबाळं मार्गी लागल्यावर चौघींनी मिळून जपानला जायचं, हे तीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. २०२४ मध्ये ते एकदाचं जमलं.

भाषा मला येत होती, म्हणून खाण्याची जबाबदारी माझ्याकडे. टोकियोतल्या पहिल्याच दुपारी आम्ही सोबाच्या एका छोट्या दुकानात शिरलो. मी मालकांना विचारलं, यात मांस नाही ना? ते म्हणाले, नाही. मासा? नाही. गरम रश्श्यातल्या कुट्टूच्या करड्या शेवया आल्या, वर कांद्याची हिरवी पात. माळकरी मैत्रिणीनं चार घास खाल्ले असतील. तेवढ्यात मालवणचीनं तिच्या वाडग्यावर वाकून वास घेतला आणि तिचा हात धरला. “थांब. सुक्या म्हावऱ्याचा वास आहे.”

तिचं नाक खरं ठरलं. वाडग्यात माशाचा तुकडा नव्हता, पण रस्सा ज्या पाण्याचा होता ते पाणीच माशाचं होतं. मालकांनी मला फसवलं नव्हतं. जपानी माणसाच्या लेखी मासा म्हणजे दिसणारा मासा. पाण्याला लागलेली चव हा मासा नव्हे, ती ‘दाशी’. ती असतेच, तिच्याबद्दल कुणी वेगळं बोलत नाही. हे मी इतकी वर्षं वर्गात शिकवत आले होते, आणि नेमकं दाशीबद्दल विचारायलाच विसरले.

माळकरी मैत्रिणीनं शांतपणे काड्या खाली ठेवल्या. “नकळत झालं गं. पांडुरंगाला कळतं,” एवढंच म्हणाली. काय झालं ते समजल्यावर सत्तरीचे मालक खूप कष्टी झाले. आत गेले आणि एक लाकडी भांडं घेऊन आले. आत दुधाळ, वाफाळतं पाणी: सोबायु, म्हणजे सोबा शिजवल्यावर उरलेलं पाणी. यात फक्त पीठ आणि पाणी आहे, त्यांनी दोनदा सांगितलं. तिनं त्यात चिमूटभर मीठ घालून घेतलं. मालवणची म्हणाली, “ही तर आमची पेज.” त्या दुपारी माळकरी मैत्रिणीनं तेवढंच घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम दाशीच्या मागावर निघालो. त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार २०१८ च्या ऑक्टोबरात तोयोसूला गेला, पण बाहेरच्या गल्ल्यांमधली दुकानं अजून तिथंच आहेत. सुऱ्या, भांडी, चहा, लोणची, अंड्याची गोडसर वडी काडीला टोचून विकणारे, आणि कात्सुओबुशीची दुकानं. कात्सुओ हा आपल्या कुप्याच्या जातीतला मासा. त्याचे उभे तुकडे उकडायचे, काटे काढायचे, धुरावर पुन्हा पुन्हा धरायचे, मग त्यावर मुद्दाम बुरशी चढवून उन्हात वाळवायचे, पुन्हा चढवायची, पुन्हा वाळवायचे. उत्तम प्रतीच्या मालाला काही महिने जातात. शेवटी हातात येतो तो मासा नव्हे, लाकडाचा ढलपा.

दुकानातल्या आजींनी असे दोन ढलपे एकमेकांवर आपटले. खणखणीत आवाज आला, टिपऱ्यांसारखा. मग त्यांनी एक पेटी पुढे ओढली. पेटीच्या झाकणाला सुताराचा रंधा उलटा बसवलेला. ढलपा त्यावरून सरकवला की खालच्या खणात गुलाबी, पारदर्शक सालपटं पडतात. रंधा थांबला तरी ती सालपटं हवेनं हलत राहतात. मालवणच्या मैत्रिणीनं एक तुकडा जिभेवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या आईच्या घरी सुकटाचा डबा माळ्यावर असायचा. पावसाळ्यात मासळी नसताना त्यावरच घर चालायचं. “आम्ही त्याचं कालवण करायचो,” ती म्हणाली. “यांनी त्यातली फक्त चव काढून घेतली आणि मासा बाजूला ठेवला.”

तिचं हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा नेमकं वाटलं. आपल्या स्वयंपाकात चव चढवत न्यायची असते: फोडणी, वाटण, मसाला, वरून पुन्हा फोडणी. जपानी स्वयंपाक आधी पाण्याला चव आणतो आणि त्या पाण्यात मग सगळं हलक्या हातानं शिजवतो. मिसो सूप, शेवयांचा रस्सा, उकडलेली भाजी, अंड्याची वडी, सगळीकडे तेच पाणी. त्या पाण्याचा दुसरा खांब म्हणजे कोंबू, होक्काइदोच्या थंड समुद्रातली पट्ट्यासारखी वनस्पती. एदोच्या काळात कितामाए नावाची जहाजं ती जपान समुद्राच्या कडेनं ओसाकापर्यंत आणत. म्हणून ओसाका-क्योतोचा रस्सा आजही कोंबूवर जास्त विसंबतो आणि फिकट दिसतो. टोकियोचा कात्सुओवर आणि गडद सोयसॉसवर जातो. वाटीबंद झटपट शेवयासुद्धा पूर्वेला एका चवीच्या आणि पश्चिमेला वेगळ्या चवीच्या विकतात.

टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये या कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी तो पदार्थ बाजारात आला, त्याचं नाव ‘अजिनोमोतो’, चवीचं मूळ. आपल्या चायनीजच्या गाडीवर चिमटीनं पडणारी पांढरी पूड ती हीच. इकेदांचेच विद्यार्थी शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये कात्सुओबुशीतला चवीचा घटक शोधला. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांना शिताके अळंब्यातला सापडला. कोंबूतला घटक आणि या दोन्हींपैकी एक एकत्र आले, की चव नुसती बेरजेनं वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. आपल्या षड्रसांत या चवीला घर नाही. मी मराठी शब्द शोधत होते. खमंग? नाही, त्यात भाजण्याचा वास आहे. चविष्ट? फार मोघम.

शब्द मिळाला तो माळकरी मैत्रिणीकडून. रात्री हॉटेलच्या खोलीत मी तिला हे सगळं सांगत होते. ती म्हणाली, “म्हणजे कट.” पुरणाची डाळ शिजल्यावर वरचं निथळून घेतलेलं पाणी. डाळ पुरणात जाते, तिचा जीव कटात उतरतो, आणि पोळीइतकीच वाट आपण त्या आमटीची बघतो.

*

जपान हा मासे-मांसाचा देश, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली. त्यामागे बौद्ध धर्म होता आणि शेतीची जनावरं राखण्याची गरजही होती. बंदी वेळोवेळी सैल झाली, शिकार चालू राहिली, मासा तर कधी सुटलाच नाही, पण चार पायांचं मांस बाराशे वर्षं उघडपणे पानात नव्हतं. १८७२ च्या आरंभी सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि मग चित्र पालटलं. आज ज्याला आपण अस्सल जपानी समजतो त्या तोंकात्सूचं, डुकराच्या तळलेल्या कटलेटचं, वय दीडशे वर्षांहून कमी आहे.

तसाच करी-राइस. आपला मसाला इंग्रजांनी पूड करून नेला, इंग्रजी आरमाराकडून तो जपानी आरमाराकडे गेला, आणि आज तिथल्या शाळकरी पोराला सर्वांत आवडणारं जेवण कुठलं म्हटलं तर करी असंच उत्तर येईल. डॉक्टरला या करीच्या इतिहासातली एक जागा बघायचीच होती: शिंजुकूचं नाकामुराया. लॉर्ड हार्डिंग यांच्यावरच्या १९१२ च्या बॉम्बहल्ल्यानंतर इंग्रजांना हवे असलेले रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला पोचले. तेव्हा त्यांना ज्या बेकरीच्या मालकांनी लपवलं, ती ही. पुढे मालकांची मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचं लग्न झालं. ती अकाली गेली. १९२७ मध्ये नाकामुरायानं उपाहारगृह काढलं आणि बोस यांनी तिथं आपल्या पद्धतीची करी आणली. इंग्रजी पिठाळ रस्सा म्हणजे हिंदुस्थानी करी नव्हे, हे त्यांना जपान्यांना दाखवायचं होतं. ती करी आजही मिळते. डॉक्टरनं वाडगा पुसून खाल्ला आणि उठताना त्यांच्या फोटोला नमस्कार केला. मला वाटतं, हद्दपार माणसानं देश जपण्याच्या ज्या काही वाटा असतात, त्यांतली ही एक खरी वाट.

त्याच संध्याकाळी तोझाई लाइननं आम्ही निशी-कासाईला उतरलो. एदोगावा वॉर्डातली ही वस्ती. २००० सालच्या संगणकबदलाच्या कामासाठी आलेले भारतीय अभियंते इथं राहू लागले आणि राहिले. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. आम्ही गेलो ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. तिचा आठ वर्षांचा मुलगा पानावर बसला, हात जोडून “इतादाकिमास” म्हणाला, मग आजीनं शिकवलेला श्लोक म्हणाला, आणि मगच भात कालवला. ‘इतादाकिमास’ म्हणजे ‘नम्रपणे स्वीकारतो’. कुणाकडून, ते वाक्यात नाही. शेतकऱ्याकडून, रांधणाऱ्याकडून, ज्याचा जीव गेला त्या माशाकडून. श्लोक आणि हा शब्द त्या पोराच्या तोंडी शेजारी शेजारी बसले होते, त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

तो शाळेच्या जेवणाबद्दल सांगत होता. जेवण शाळेतच शिजतं. वर्गातलीच पाळीची मुलं पांढरा एप्रन नि टोपी घालून पातेली आणतात, वाढतात. शिक्षक मुलांसोबत तेच जेवतात. नंतर मुलंच आवरतात, झाडतात. शाळेच्या जेवणाची प्रथा १८८९ मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी गरीब मुलांसाठी सुरू झाली असं मानतात. २००५ मध्ये तर अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदाच झाला. आपल्याकडे शालेय पोषण आहार आहे, आणि त्यानं कितीतरी मुलांना शाळेत टिकवलं आहे. पण वाढणं आणि आवरणं हा अभ्यासाचा भाग मानावा, मुलांनी आणि मुलींनी सारख्याच पाळीनं, हे आपण मनावर का घेत नाही, हा प्रश्न मी तेव्हापासून घेऊन फिरते आहे.

*

तांदळाबद्दल थोडं लिहायलाच हवं. आम्ही गेलो तेव्हा नवा तांदूळ आला होता आणि भाव चढलेले होते. त्याआधी ऑगस्टात दुकानांतल्या तांदळाच्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. पुढे २०२५ च्या वसंतात भाव वर्षभरापूर्वीच्या दुपटीला पोचले, पाच किलोला चार हजार येनांच्या वर. त्याच वर्षी मे महिन्यात शेतीमंत्री ताकू एतो बोलून गेले की आपण कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, घरी भेट म्हणून येतो. त्यांना पद सोडावं लागलं. उष्मांकाच्या हिशेबानं आपल्या गरजेचं ३८ टक्केच अन्न पिकवणाऱ्या या देशात तांदूळ हे एक धान्य घरचं राहिलं आहे. त्यावरचा शब्द लोकांना सहन होत नाही.

पान मांडण्याचे नियमही भातापासून सुरू होतात. भाताचा वाडगा डावीकडे, सूप उजवीकडे, बाकीचं मागे. उलट मांडायचं नाही, ती मांडणी गेलेल्या माणसासाठी. भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, कारण मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात त्या तशा रोवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. हे मी सांगितलं तेव्हा तिघींपैकी एकीलाही ते विचित्र वाटलं नाही. दक्षिणेकडे तोंड करून पान मांडू नये, हे आम्ही चौघी ऐकत वाढलो आहोत. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मीठ वर मधोमध, हे चुकलं तर आजीचा हात यायचा. जेवणाच्या पानात मरण शिरू नये म्हणून दोन्हीकडे नियम सारखेच जागे आहेत.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही, आणि ती लिहायला हवी. दर चौकात असलेल्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानांत, भाताचा लाडू इतका हुशारीनं गुंडाळलेला असतो, की शेवाळाचा पापड खाण्याच्या क्षणापर्यंत कुरकुरीत राहावा. एक, दोन, तीन अशा खुणांनी प्लास्टिक ओढायचं. युक्ती सुंदर आहे. पण एका घासाला तीन तुकडे प्लास्टिक, आणि तो घास घेऊन रात्री दहाला एकेकटी घरी जाणारी तरुण पोरं. रोज संध्याकाळी आम्ही तीच पोरं पाहत होतो. आम्ही चौघी इझाकायात, तिथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यात, एका टेबलाभोवती बसून, न मागता आलेल्या ‘ओतोशी’च्या वाट्या एकमेकींना सरकवत, शेवटी टीटीएमएम करत जेवलो. त्याला तिथं ‘वारिकान’ म्हणतात. शेजारच्या लांब काउंटरवर मात्र माणसं एका ओळीत, भिंतीकडे तोंड करून जेवत होती. एकट्यानं निवांत जेवता यावं, बाईनंसुद्धा, ही मोठी सोय आहे हे मी मानते. तरी त्या ओळीकडे बघताना डॉक्टर म्हणाली, “यांच्यातल्या किती जणांना कुणी वाढतं?” त्यावर आम्ही गप्प बसलो.

*

क्योतोत दोन गोष्टी झाल्या. पहिली, मोदक. गिओनजवळचं कामेया कियोनागा हे १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान. तिथं ‘सेइजो कान्किदान’ नावाचा पदार्थ मिळतो. नारा काळात बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आलेला, शोतेनला वाहायचा नैवेद्य. शोतेन म्हणजे आपला गणपती. तळहातावर मावणारी पिठाची पोटली, तोंडाशी आठ कळ्या, तिळाच्या तेलात तळलेली. आम्ही ती मधोमध फोडली. आवरण टणक, आणि आत लाल अझुकीच्या दाण्यांचं वाटलेलं गोड पुरण. त्या पुरणाला चंदन, दालचिनी, लवंगेचा वास. तळणीच्या मोदकाला देवघराचा वास आला तर कसा लागेल, तसा. माळकरी मैत्रिणीनं कळ्या मोजल्या. “हात बसलेला आहे,” म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

दुसरी, दाशीचा धडा. एका बाईंच्या घरी, माचियाच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लाकडी घराच्या, मागल्या स्वयंपाकघरात. एक लिटर पाणी, दहा ग्रॅम कोंबू. कोंबू धुवायचा नाही, ओल्या फडक्यानं नुसता पुसायचा, वरची पांढरी पूड हीच चव. मंद आचेवर, साठ अंशांच्या आसपास, तासभर. त्या बाई पातेल्यापाशी उभ्या होत्या आणि तळाला सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसायला लागले की लगेच कोंबू उचलायचा, असं बजावत होत्या. उकळी आली की चिकटपणा आणि उग्र वास उतरतो. नंतर पाण्याला उकळी आणून गॅस बंद करायचा, कात्सुओबुशीची सालपटं सोडायची, ती आपणहून बुडेपर्यंत थांबायचं आणि फडक्यातून गाळायचं.

गाळताना मालवणच्या मैत्रिणीचा हात आपसूक फडक्याकडे गेला. नारळाचं दूध काढताना शेवटचा थेंब पिळायची सवय. बाईंनी तिचं मनगट हळूच धरलं. “शिबोरानाइदे कुदासाई.” पिळू नका. पिळलं की कडू होतं. मैत्रीण हात मागे घेऊन उभी राहिली आणि आम्ही चौघी ते थेंब आपल्या गतीनं पडताना बघत राहिलो. क्योतोचं पाणी मऊ, क्षार कमी असलेलं. त्यामुळे कोंबूची चव त्यात सहज उतरते. त्या बाई म्हणाल्या, आमची दाशी अर्धी या विहिरीची आहे.

माळकरी मैत्रिणीसाठी त्यांनी आदल्या रात्रीच वेगळं भांडं भिजवलं होतं. कोंबू आणि सुकी शिताके अळंबी, थंड पाण्यात. “ही शोजिन दाशी,” त्या म्हणाल्या. “यात जीव नाही.” दाशीचं ते पाणी तिनं दोन्ही हातांनी वाडगा धरून प्यायलं. चव तिला सांगता येईना. “रिकामं नाही वाटत,” एवढं म्हणाली.

जाता जाता त्या बाईंनी एक काळजी सांगितली. होक्काइदोचा कोंबू वर्षानुवर्षं कमी निघतो आहे. समुद्र तापतोय, आणि होड्या घेऊन तो काढायला जाणारे हात म्हातारे झालेत. हेच दुखणं आपल्या किनाऱ्यावरही आहे, असं मालवणच्या मैत्रिणीनं मला सांगायला लावलं. दोघी एकमेकींच्या हातावर हात ठेवून बराच वेळ बसल्या होत्या. मध्ये मी भाषांतर करत नव्हते.

*

आणि मग कोयासान. आम्ही उतरलो ते मठात, शुकुबोत. तिथले पन्नासेक मठ पाहुण्यांना ठेवून घेतात. संध्याकाळी साडेपाचलाच खोलीत लाल लाखेचे बुटके चौरंग आले आणि त्यांवर झाकणं लावलेले वाडगे. शोजिन र्योरी, म्हणजे साधकाचं जेवण. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही. पाच उग्र भाज्या वर्ज्य, हा इथला नियम. पुण्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा माझ्या माळकरी मैत्रिणीनं मला एकही प्रश्न विचारला नाही. तिनं सरळ झाकण उघडलं.

गोमादोफू हा त्या जेवणाचा मानबिंदू. नावात तोफू असलं तरी त्यात सोयाबीन नाही. तीळ वाटून त्यांचं दूध काढायचं, कुझूच्या कंदाचं सत्त्व घालायचं आणि आचेवर घोटत राहायचं, हात न थांबवता. थिजल्यावर खरवसासारखी वडी पडते, वर चिमूटभर वासाबी. कोयादोफू याच गावाचं नाव घेऊन हिंडतो. इथल्या थंडीत गोठवून वाळवलेला तोफू तो. स्पंजासारखा दाशी शोषून घेतो, आणि दाताखाली दाबला की ती तोंडात सुटते. तेव्हा मला पहिल्या दिवसाची चूक पुन्हा आठवली. तेच पाणी, पण त्यात तिच्यासाठी आधीच जागा केलेली. बाराशे वर्षांपूर्वी.

सकाळी ओकुनोइनला जाताना वाटेवर दोन लाखांहून अधिक थडगी लागतात. कित्येक दगडांवर सिद्धम लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली आहेत, कुकाईनं चीनमधून आणलेली. डॉक्टर एका शेवाळलेल्या दगडापाशी थांबली, बोटानं एक अक्षर गिरवलं. “हा ‘अ’ आहे का?” होता. शिंगोन साधक याच ‘अ’कडे बघत ध्यान करतात. तिथून परतताना आम्ही कोयासान विद्यापीठात गेलो. तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालेला. आम्ही चौघींनी नमस्कार केला.

पुण्याला परतल्यावर माळकरी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात रोज रात्री एक काचेचा बुधला भरला जातो. कोंबू आम्ही येताना आणला, सुकी शिताके अळंबी पुण्यात मिळतात. त्या पाण्यात ती दुधीची भाजी शिजवते, आणि एकादशीला भगरही. ते उपासाला चालतं का, याचा तिनं स्वतःशी निवाडा केला आहे. चालतं.

वाचकहो, जपानला जाणार असाल आणि तुमच्यात कुणी शाकाहारी असेल, तर ‘निकु’ (मांस) आणि ‘साकाना’ (मासा) नाही ना, एवढं विचारून थांबू नका. ‘दाशी’चं विचारा, हा शब्द पाठ करून जा. आणि एक रात्र कोयासानसाठी राखा. ओसाकाच्या नांबा स्थानकावरून नानकाईची गाडी गोकुराकुबाशीला जाते, तिथून पाच मिनिटांची केबल कार. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच असतं, उशीर करू नका. सकाळी साडेदहाच्या थोडं आधी पुलापाशी पोचा.